मुंबईतल्या कोविड चौकशा : कुठला कागद कुठल्या टेबलावर?

टिपणीबहाद्दर (धागाकर्ता)

‘पालिकेचा बारा हजार कोटींचा कोविड घोटाळा’ हा संदेश अजून गटागटांत फिरतोय. त्यातला आकडा खरा आहे, ‘कोविड’ हा शब्द मात्र भलत्याच जागी बसलाय. चौकशांचा माग काढणाऱ्यांची पहिली गल्लत इथेच होते, म्हणून हा धागा.

कॅगचं (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) विशेष लेखापरीक्षण २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळाचं होतं. नऊ खाती, ७६ कामं, एकूण १२,०२३.८८ कोटी. अहवाल २५ मार्च २०२३ रोजी विधानसभेत आला. त्यात रस्ते आहेत, पूल आहेत, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत, दहिसरची जमीन आहे. कोविडचा खर्च ३,५३८.७३ कोटी, आणि नेमका तोच तपासला गेला नाही. साथरोग कायदा १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पुढे करून पालिकेने ते कागद दिलेच नाहीत. वजाबाकी करा, ८,४८५.१५ कोटी उरतात. निविदेशिवाय दिलेली दोन खात्यांची २१४.४८ कोटींची वीस कामं, ६४ कंत्राटदारांशी करारनामाच न झालेली ४,७५५.९४ कोटींची कामं, त्रयस्थ तपासणी नसलेली ३,३५५.५७ कोटींची तेरा कामं, हे शेरे या उरलेल्या रकमेतले. कोविडची फाईल समोर नसताना त्यावर शेरा येणार कुठून?

म्हणजे ज्या खर्चाबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं, त्यावर कॅगचं मतच उपलब्ध नाही. ‘कॅगने कोविड घोटाळा सिद्ध केला’ हेही चूक, ‘कॅगने क्लीन चिट दिली’ हेही चूक.

आपल्याकडे या विषयाची एक चौकशी नाही. कॅगचा अहवाल विधिमंडळाकडे. त्यावरून जून २०२३ मध्ये पोलीस आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली एसआयटी (विशेष तपास पथक) वेगळी. आर्थिक गुन्हे शाखेचे गुन्हे वेगळे, त्यांत मृतदेहाच्या पिशव्या, खिचडी, जम्बो सेंटरचं मनुष्यबळ असे सुटे विषय. ईडीची प्रकरणं त्याहून वेगळी. प्रत्येकाचा कायदा निराळा, रक्कम निराळी, काळ निराळा. या रकमांची बेरीज करू नका. एकच देयक तीन ठिकाणी मोजलं जातं.

कोणत्या टेबलावर काय शोधायचं, ते जाणकारांनी खाली लिहावं, त्याचा एक तक्ता करू. एक विनंती : आरोपींची नावं आणि पक्ष इथे नकोत. खटले चालू आहेत.

सातबारा

वाचनखूण साठवली. काळाबद्दल एक भर. सुरुवातीची तारीख, २८ नोव्हेंबर २०१९, हा महाविकास आघाडी सरकारच्या शपथविधीचा दिवस. लेखापरीक्षणाची विनंती केली ती पुढच्या सरकारने, ऑक्टोबर २०२२ मध्ये. साथीच्या तारखांवरून काळ ठरवायचा असता तर ११ मार्च २०२०, म्हणजे मुंबईत पहिले दोन रुग्ण सापडले तो दिवस, ही सोयीची सुरुवात होती. म्हणून शेरे खोटे ठरत नाहीत. पण चौकशीचा काळ कोणी आखला हा रकाना तक्त्यात हवाच.

कलमबंद

दोन कायद्यांची नावं घेतली की पुढे कोणी विचारत नाही, म्हणून नेमकं काय लिहिलंय ते बघू.

साथरोग कायदा आपल्याच शहरातल्या प्लेगमुळे आला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत रोगाचं निदान झालं आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये कायदा लागू. मूळचा जेमतेम चार कलमांचा. चौथं कलम म्हणतं की या कायद्याखाली सद्‌भावनेने केलेल्या कृतीबद्दल कुणावर दावा वा कायदेशीर कारवाई करता येणार नाही. हे माणसाला दिलेलं संरक्षण आहे. लेखापरीक्षकाला फाईल दाखवू नका, असं त्यात कुठेही नाही.

आपत्ती कायद्याचं कलम ५० जास्त कामाचं. तातडीची खरेदी हवी असं प्राधिकरणाचं समाधान झालं, तर ते खात्याला अधिकृत करू शकतं आणि मग निविदेची पद्धत माफ झाली असं मानलं जातं. याच कलमाचा दुसरा भाग बहुतेक जण वाचतच नाहीत : नियंत्रक अधिकाऱ्याचं वापराचं प्रमाणपत्र हेच हिशेबासाठी वैध व्हाउचर धरलं जाईल. म्हणजे कलम ५० ची सवलत घेतली असेल तर दोन कागद असलेच पाहिजेत, अधिकृत करणारा आदेश आणि वापराचं प्रमाणपत्र. निविदा कुठे आहे हे विचारून काही हाती लागत नाही, ‘माफ होती’ एवढंच उत्तर येतं. हे दोन कागद मागा.

दुसऱ्या बाजूने, कॅगच्या १९७१ च्या कायद्यातलं कलम १८ हिशेब, पुस्तकं, कागद मागवण्याचा अधिकार देतं. तेव्हा माझ्या मते पालिकेचा नकार टिकण्यासारखा नव्हता. पण ‘माझ्या मते’ला कोर्टात किंमत नाही.

परळनाका

कलमबंद, मग इंग्लंडात हे कसं सुटलं? तिकडेही सरकारने कोविड चौकशीला व्हॉट्सअ‍ॅप संदेश द्यायला नकार दिलाच होता ना?

कलमबंद

दिला होता, आणि तो फरक समजून घेण्यासारखा आहे. ब्रिटनची कोविड चौकशी २००५ च्या चौकशी कायद्याखालची, अध्यक्ष बॅरोनेस हॅलेट. आधी नियम ९ खाली लेखी विनंती जाते, नाही ऐकलं तर कलम २१ ची नोटीस. ती मोडणं हा गुन्हा. बोरिस जॉन्सन यांचे संदेश आणि वह्या मागितल्यावर कॅबिनेट ऑफिस म्हणालं, असंबद्ध मजकूर आम्ही गाळून देतो. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि ६ जुलै २०२३ ला सरकार हरलं. काय संबद्ध आणि काय असंबद्ध हे कागद ज्याच्या कपाटात आहेत त्याने ठरवायचं नसतं, चौकशी करणाऱ्याने ठरवायचं असतं, असा त्याचा मथितार्थ.

आपल्याकडे १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यातही दात आहेत. कलम ४ ने दिवाणी कोर्टाचे अधिकार मिळतात, साक्षीदार बोलावता येतो, दस्तऐवज मागवता येतो. कलम ८ब ने ज्याच्या नावाला बट्टा लागू शकतो त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. कलम ३(४) नुसार अहवाल सहा महिन्यांत कृती अहवालासह सभागृहात ठेवायचा. कर्नाटकने हा रस्ता घेतला. ऑगस्ट २०२३ मध्ये न्या. जॉन मायकेल डि’कुन्हा आयोग, पहिला अहवाल ३१ ऑगस्ट २०२४ ला. मुंबईच्या कोविड खर्चासाठी असा आयोग नेमलेला नाही. बाकी सगळ्या तक्रारींच्या मुळाशी हे आहे.

गिरगावकर

आयोग म्हणजे रामबाण, असंही नको. त्याच कायद्याचं कलम ७ सरकारला आयोग गुंडाळू देतं. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींचा श्रीकृष्ण आयोग आठवा. जानेवारी १९९६ मध्ये बरखास्त, मे मध्ये पुन्हा जिवंत, अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये आणि सभागृहात ऑगस्टमध्ये. दुसरं टोक राम प्रधान समिती. २६/११ नंतरची ही चौकशी आयोग कायद्याखाली नव्हती, त्यामुळे कुणाला समन्स काढायची सोयच नाही. तेव्हा ‘चौकशी’ असा शब्द दिसला की पहिला प्रश्न : कुठल्या कायद्याखाली? आदेशात कायद्याचं कलम नसेल तर ती प्रशासकीय समिती समजा.

रकाना क्र. ४

तक्ता कसा ठेवायचा ते लिहितो. एक ओळ म्हणजे एक प्रकरण नाही, एक कागद. बातमीला ओळ द्यायची नाही, बातमीत उल्लेखलेल्या आदेशाला द्यायची. रकाने : यंत्रणा, कायदा आणि कलम, कागदाचा प्रकार, जावक क्रमांक, तारीख, रक्कम, रक्कम कोणत्या टप्प्यावरची, कोणता काळ, प्रत कुठे, पुढची तारीख.

‘रक्कम कोणत्या टप्प्यावरची’ हा रकाना सगळ्यात जास्त वाचवतो. मंजुरीची रक्कम, कार्यादेशाची रक्कम, देयकाची रक्कम आणि प्रत्यक्ष अदा केलेली रक्कम या चार वेगळ्या गोष्टी आहेत. तपासयंत्रणा बहुधा कंत्राटाचा आकडा सांगते, पालिका अदा केलेला, वर्तमानपत्र दोन्हींतला मोठा.

खरेदी पडताळायची तर तीन कागद एकमेकांवर ठेवायचे : सॅपमधली (पालिकेची संगणकीय हिशेब प्रणाली) पर्चेस ऑर्डर, माल आवक नोंद आणि देयक. संख्या, दर, तारीख. आवक नोंदीत सही कोणाची आणि कोणत्या ठिकाणची ते बघा. माल मध्यवर्ती भांडारात उतरला की थेट सेंटरवर, यावर पुढची नोंदवही कुठे मागायची ते ठरतं.

मनुष्यबळाच्या कंत्राटात आवक नोंद नसते. तिथे हजेरीपट, वेतन बँकेत गेल्याचा पुरावा आणि सेंटरमधली त्या दिवसाची रुग्णसंख्या. कागदावर डॉक्टर पूर्ण आणि खाटा रिकाम्या, असं दिसलं तरी लगेच आरोळी ठोकू नका. आयसीयूचा करार खाटांच्या क्षमतेवर असेल तर रिकाम्या खाटेलाही माणूस लागतो. आधी कराराची अट वाचा.

माहीमची खाडी

दरांच्या तुलनेत होणारी चूक फार मोठी आहे. ‘इथे इतक्याला, तिथे तितक्याला’ असे तक्ते फिरतात त्यात महिनाच नसतो. आरटीपीसीआरचंच बघा. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने घातलेली कमाल मर्यादा ४,५०० रुपये. राज्याने जूनमध्ये ती २,२०० केली, ऑक्टोबरात ९८०, आणि मार्च २०२१ अखेर ५००. एका वर्षात नऊ पट फरक, तोही सरकारमान्य दरांत. मग एप्रिल २०२० च्या पीपीई किटची तुलना ऑक्टोबरच्या किटशी करून काय सिद्ध होणार?

तुलना करायचीच तर तोच पंधरवडा, तेच तपशीलपत्रक, तेवढीच संख्या, पोच देण्याचं ठिकाणही तेच. चारांपैकी एक जरी जुळलं नाही तरी तक्त्यात ‘तुलना सदोष’ लिहा. शंका घेण्याजोगी गोष्ट वेगळीच असते : एकाच पुरवठादाराने त्याच आठवड्यात खासगी रुग्णालयाला कमी दर लावला आणि पालिकेला जास्त.

टिपणीबहाद्दर

+१. आता माहिती अधिकाराचं सविस्तर लिहितो, बहुतेक अर्ज इथेच बुडतात.

महाराष्ट्रात २०१२ च्या नियमदुरुस्तीनंतर अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन. उत्तर ३० दिवसांत. पहिलं अपील त्यापुढच्या ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत.

‘का’ विचारू नका. ‘निविदा का काढली नाही’ ही माहिती नव्हे, ते स्पष्टीकरण झालं, आणि ते द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. कागदाचं नाव लिहा : ‘अमुक पर्चेस ऑर्डरच्या फाईलमधील टिपणी पृष्ठे, स्थायी समितीस पाठवलेलं मसुदा पत्र, कार्योत्तर मंजुरीचा ठराव’. क्रमांक माहीत नसेल तर पहिल्या अर्जात फक्त नोंदवही मागा. क्रमांक मिळाले की दुसऱ्या अर्जात फाईल.

मुख्यालयात एकच अर्ज टाकून सगळ्या विभाग कार्यालयांची माहिती मागितली की उत्तर ठरलेलं : माहिती विखुरलेली आहे, कलम ७(९). हे कलम माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची तेवढंच बदलू देतं, नाकारायला परवानगी देत नाही. अपिलात हा मुद्दा चालतो, पण महिने जातात. त्यापेक्षा प्रत्येक विभागाला सुटा अर्ज. औषधं आणि साहित्य मध्यवर्ती खरेदी खात्याकडे, अन्नवाटप आणि विलगीकरण केंद्रं बरीचशी विभागाच्या सहायक आयुक्तांकडे.

आणि एकच कागद बहुधा तीन ठिकाणी असतो. खरेदी खातं ‘सापडत नाही’ म्हणालं तर देयकाची प्रत लेखा खात्यात, ठराव चिटणीसांकडे.

गिरगावकर

आणि ‘मूळ फाईल तपासयंत्रणेने जप्त केली’ असं उत्तर आलं तर?

टिपणीबहाद्दर

तर जप्ती पंचनाम्याची प्रत आणि नेलेल्या फाईलींची यादी मागा. नुसत्या तोंडी जप्तीवर विश्वास ठेवू नका. यादी मिळाली की निदान फाईल क्रमांक तरी हाती येतात.

कलमबंद

नकाराची कारणं कशी मोडायची ते सांगतो.

‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ : असं कारण कायद्यातच नाही. कलम ८(१)(ब) फक्त कोर्टाने स्पष्टपणे प्रसिद्धीला मनाई केलेल्या माहितीपुरतं आहे. मनाईच्या आदेशाची प्रत मागा.

‘तपास चालू आहे’ : कलम ८(१)(ह). दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्ये ‘भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त’ प्रकरणात म्हटलंय की नुसता तपास चालू असणं पुरत नाही, माहिती दिल्याने त्यात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. उत्तरात एका ओळीत कलम टाकलं असेल तर अपिलात हेच लिहा.

‘व्यावसायिक गोपनीयता’ : कलम ८(१)(ड). काम दिलं गेलं, पैसे अदा झाले, तरी दर गुपित? कलम ८(२) खाली व्यापक जनहिताचा मुद्दा घाला, आणि कलम १० खाली गोपनीय भाग झाकून उरलेलं मागा.

‘वैयक्तिक माहिती’ : इथे मात्र जपून. ८(१)(ज) मध्ये पूर्वी जनहिताची अट कलमातच होती. वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ती काढली आणि नोव्हेंबर २०२५ पासून बदल लागू आहे. हजेरीपटातली नावं मागितलीत तर अर्ज पडण्याची भीती आहे. नावं झाकून पद, दिवस, रक्कम मागा. कलम ८(२) शाबूत आहे, पण तो भार आता अर्जदाराने उचलायचा.

सातबारा

खटल्यांचा माग काढणाऱ्यांसाठी. एफआयआर संवेदनशील नसेल तर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश. आरोपपत्र मात्र सार्वजनिक दस्तऐवज नाही, हे त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. ईडीचा ईसीआयआर (प्रकरणाची अंतर्गत नोंद) तर एफआयआरही नव्हे. म्हणून ‘आरोपपत्रात असं म्हटलंय’ अशा बातमीचा मूळ कागद मिळत नाही. तक्त्यात तिला ‘दुय्यम’ असा शिक्का मारा. जामीन अर्जावरचा आदेश मात्र ई-कोर्टवर मिळतो आणि त्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं बऱ्यापैकी येतं. वाचायचा तर तो वाचा. प्रकरण सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकाने शोधा, नावाने शोधलं तर सारख्या नावांचे दहा जण येतात.

मुंबई हायकोर्टात याचिकेला आधी स्टॅम्प क्रमांक असतो, नोंदणी झाल्यावर दुसरा. जुन्या क्रमांकावर बसून राहिलात तर प्रकरण थांबलंय असं वाटतं, प्रत्यक्षात ते पुढे गेलेलं असतं.

ईडीचं प्रकरण मूळ गुन्ह्यावर उभं असतं. मूळ गुन्हा रद्द झाला किंवा आरोपी त्यातून सुटला की मनी लाँडरिंगचा डोलाराही कोसळतो (सर्वोच्च न्यायालय, २७ जुलै २०२२). त्यामुळे ईडीच्या बातमीपेक्षा आर्थिक गुन्हे शाखेच्या मूळ गुन्ह्यावर नजर हवी. तिथे ‘समरी’ (तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) दाखल झाली का ते बघायचं. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण छडा नाही, बी म्हणजे तक्रारच खोटी, सी म्हणजे गैरसमजातून दाखल झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. ‘प्रकरण बंद’ अशी बातमी या तिन्हींना एकच मथळा देते.

परळनाका

सगळं पैशांवर चाललंय. माणसं कुठे आहेत?

१६ जून २०२० ला राज्याने आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू आकडेवारीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन संपेल या भीतीने पालिकेच्या सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण एका रात्रीत हलवले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्सिजनबाबत मुंबईचं उदाहरण दिल्लीपुढे ठेवलं. एक निर्णय चांगला असेल, एक वाईट असेल, पण यांपैकी कशाचीही चौकशी वरच्या कुठल्याच टेबलावर नाही. पोलीस पैशाचा माग काढतात. खाटा का कमी पडल्या हा त्यांचा प्रश्नच नव्हे.

माहीमची खाडी

परळनाका, अगदी बरोबर, आणि ब्रिटिश चौकशीची बांधणी नेमकी याच्यासाठी आहे. विषयवार दहा मॉड्यूल (भाग). पहिलं पूर्वतयारीचं, दुसरं निर्णयप्रक्रियेचं, तिसरं आरोग्यसेवेचं, पाचवं खरेदीचं, सहावं प्रौढांच्या काळजीसेवेचं. खरेदी हा दहातला एक भाग. साक्षी थेट प्रक्षेपित होतात, शब्दशः नोंद संकेतस्थळावर येते. पहिला अहवाल १८ जुलै २०२४ ला, दहा शिफारशींचा. सरकारने सहा महिन्यांत उत्तर द्यावं अशी अपेक्षा होती आणि जानेवारी २०२५ मध्ये ते आलं. कुणाला दोषी ठरवायचा अधिकार या चौकशीला नाही. म्हणूनच लोक तुलनेने मोकळं बोलतात. आणि जिथे फौजदारी तपास चालू होता तिथे खरेदीची काही साक्ष बंद दाराआड झाली.

आपल्या तक्त्यात ‘निर्णय’ अशी वेगळी पानं काढता येतील. ऑक्सिजनसाठी रुग्णालयाची टाकी भरल्याची नोंद, पुरवठादाराची चलनं, स्थलांतराच्या रात्रीच्या रुग्णवाहिकांचं लॉगबुक. मृत्यूंसाठी मृत्यू परीक्षण समितीची इतिवृत्तं, नावं झाकून. ही माहिती अजून कुणी जप्त केलेली नाही, म्हणून मिळण्याची शक्यताही जास्त.

रकाना क्र. ४

मग घाई करा. राज्य सरकारी कार्यालयांतलं नेहमीचं वर्गीकरण : अ कायम, ब ३० वर्षं, क-१ दहा, क पाच, ड एक वर्ष. लॉगबुकं आणि चलनं खालच्या वर्गांत पडतात. २०२० ची पाच वर्षं केव्हाच भरली. पालिकेतल्या प्रत्येक खात्याचं स्वतःचं वेळापत्रक माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ च्या पुस्तिकेत बघा, आणि अर्जात एक ओळ घाला : ‘अभिलेख नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या आदेशाची व यादीची प्रत द्यावी’. ‘उपलब्ध नाही’ या उत्तरापेक्षा त्या यादीतून जास्त कळतं.

गिरगावकर

विधिमंडळाची बाजू राहिली. कॅगच्या अहवालावर पुढे काय झालं हे तारांकित प्रश्नांच्या छापील उत्तरांत सापडतं. मंत्र्यांचं लेखी उत्तर हा कागद आहे, सभागृहाबाहेरचा बाइट नाही. पालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक होता, जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवक आलेत. विभागातल्या नगरसेवकाला एकच लेखी प्रश्न विचारायला सांगा : ३,५३८.७३ कोटींचे कागद कॅगला सुपूर्द केल्याचा काही पत्रव्यवहार आहे का, असल्यास जावक क्रमांक आणि तारीख.

टिपणीबहाद्दर

हा प्रश्न तक्त्यात पहिल्या ओळीवर घेतला. यंत्रणा : कॅग. कागद : सुपूर्दगीचं पत्र. जावक क्रमांक आणि तारीख हे दोन रकाने कोरे ठेवलेत. प्रत मिळेल त्याने क्रमांकासकट इथे टाकावी, बातमीचा दुवा नको.